पुरात आलेली म्हैस

"पुरातनं एखादी म्हस आलीया का हिकडं कुणाकडं?"

अंगणाच्या कडेला उभं राहून म्हाताऱ्यानं विचारलं. डोक्याला पटका, अंगात मळकी बंडी, पायताणं हातात. चिखल अजून वाळला नव्हता, त्यामुळे त्या दिवसांत सगळेच पायताणं हातात घेऊन चालायचे. मी ओट्यावर बसून भिजलेले शेंगदाणे निवडत होते. बुरशी आलेले एका बाजूला, बरे दुसऱ्या बाजूला. खरं तर सगळ्यांनाच वास येत होता, पण हाताला काहीतरी हवं म्हणून मी निवडत बसले होते.

म्हैस त्याच्या समोरच होती. पडक्या गोठ्याच्या पुढं, बाभळीच्या खाली, आमच्या आत्तींनी तिला बांधलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या चुलीपुढून उठून आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "न्हाई बाबा. आमच्याकडं कुठली. ही आमची घरची हाय."

म्हातारा मान हलवून वळणार होता. तेवढ्यात मी म्हटलं, "पुरातच आलीया ती."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी खरं बोलले ते खरेपणापायी नव्हे. खोटं बोलायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. पुढचं-मागचं बघून शब्द जुळवावे लागतात, तोंड सांभाळावं लागतं. माझ्याकडं तेवढं काही उरलेलं नव्हतं. जे होतं ते तोंडातून पडलं, इतकंच.

माझा नवरा आनंदा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. नदीचं पाणी गावात शिरलं त्या पहाटे आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर गेलो होतो. मी, आत्ती आणि माझी दोन वर्षांची रूपा. आनंदा मागं राहिला. गोठ्यात आमची म्हैस बांधलेली होती. "दावं कापतो आन् येतोच मागनं," म्हणाला. विळा घेऊन गेला. दावं कापायच्या आत गोठ्याची भिंत बसली. पाणी उतरल्यावर माणसांनी दगड-माती उपसली तेव्हा तो आणि म्हैस दोघं एकाच ठिकाणी सापडले.

मी रडले नाही. भावकीतल्या बायकांनी मला धरून हलवलं, "रड गं, मोकळी हो," म्हणाल्या. मला त्यांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू यायचं. भाकरी खायचे, पण तिला चव नसायची. एकदा आमटीत मीठ टाकायचं राहून गेलं होतं, तरी मी वाटीभर पिऊन उठले. आत्तींनी आपल्या तोंडात घास घातला तेव्हा कळलं. रूपा रडायची, मी तिला घ्यायचे, थोपटायचे. सगळं करायचे. फक्त ते कोण करतंय ते मला कळायचं नाही.

आणि पाणी ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही म्हैस आली होती. कुठून वाहत, कुठं पोहत, कुणाच्या उसात अडकून बाहेर पडली असेल, देव जाणे. अंग सोललेलं, कानाला जखम, पोटात गाभ. गळ्यात हातभर दाव्याचा तुकडा लोंबत होता. ती सरळ आमच्या पडक्या गोठ्यापाशी येऊन उभी राहिली. गावात अशी बरीच जनावरं आली होती. देवळातल्या भोंग्यावर सरपंचांनी सांगितलंही होतं, की ज्याच्या दारात परकं जनावर आलं असेल त्यानं सांभाळावं, मालक आला की द्यावं. काहींची गेलीही.

आत्तींनी त्याच दिवशी तिच्या कपाळाला हळदी-कुंकू लावलं. "नदीनं एक न्हेली, एक दिली," म्हणाल्या. मुलगा गेलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकताना मला विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तर त्या म्हाताऱ्याला मी "पुरातच आलीया" म्हटल्यावर तो थांबला. आत्तींचा नाइलाज झाला. पाव्हणा दारात आलाय तर पाणी द्यायला हवं. त्यांनी तांब्या भरून दिला. म्हातारा ओट्याच्या टोकाशी टेकला.

"कुठनं आलासा?" आत्तींनी विचारलं.

"पिंपळवेढचा मी. वरच्या अंगाला. केरबा कुरणे." तो पाणी वरून प्यायला आणि तोंड पुसलं. "काठाकाठानं इचारत निघालोय. कालच्याला तीन गावं केली. घरात मी आन् मालकीण दोघंच. येकच जनावर हुतं."

"दावं कुणी कापलं तिचं?" मी विचारलं.

हे मी का विचारलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण म्हैस आल्यापासून मी त्या तुकड्याकडं बघायचे. तो तुटलेला नव्हता. टोक सरळ होतं, एका घावात कापलेलं. कुणीतरी पाण्यात उभं राहून धारेच्या हत्यारानं ते कापलं होतं. तो माणूस पुढं कुठं गेला, एवढंच माझ्या मनात घोळत असायचं. त्याच्याबद्दल कीव नाही, राग नाही. नुसतं ते.

"मीच कापलं," केरबा म्हणाले. "पानी छातीला लागलं हुतं. हात गारठलं हुतं, पन एका दणक्यात तुटलं बगा. ती फुडं गेली, मी मागनं भिताडाला धरून भाईर आलो. मी भाईर आलो आन् गोठा बसला."

"बसला?" आत्ती म्हणाल्या.

"व्हय. पाठीमागंच. पान्याचा लोट आला निस्ता."

आत्तींनी खाली बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "आमचा आनंदाबी दावं कापायलाच गेल्ता."

केरबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळाकडं, हाताकडं. मग गोठ्याच्या ढिगाऱ्याकडं. तो ढिगारा तसाच होता, कुणी उचलला नव्हता. आत्तींनीच सांगितलं, थोडक्यात, आवाज न चढवता. ते ऐकत राहिले. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला नाही, रिकामा तसाच धरून बसले.

थोड्या वेळानं ते उठले आणि म्हशीजवळ गेले. तिनं कान हलवले. मान वळवून त्यांच्या बंडीला नाक लावलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पोटाखाली चाचपून बघितलं, जखमेच्या कानाजवळ वाकून फुंकर घातली. आत्ती उंबऱ्याला धरून उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"न्हाई," केरबा आमच्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले. "ही नव्हं. माजी हिच्याहून थोराड हुती."

"बगा नीट," आत्ती म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

"बगितली की. ही नव्हं." मग ते वळले. "पर जनावर चांगलं हाय. दिवाळीच्या पुढंमागं व्याईल. कानाला हळद आन् त्याल लावत जावा. आन् व्याल्यावर धारंला बसताना उजव्या अंगानं बसू नगा. डाव्या अंगानं बसा. लाथ झाडती."

पायताणं उचलली आणि ते गेले. म्हैस त्यांच्या वाटेकडं तोंड करून उभी राहिली, एकदा रेकली. आत्ती लगबगीनं तिच्यापुढं वैरण टाकायला गेल्या. मी शेंगदाणे निवडायला लागले.

दिवाळी आली तशी गेली. त्या वर्षी गावात आकाशकंदील कमीच लागले. म्हैस व्यायली, रेडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आत्तींनी पहिल्या चिकाचा खरवस केला आणि चार घरी वाटला. रूपा खरवस खाताना हसली. मी ते बघितलं.

दूध डेअरीला जायला लागलं. घरात तेल-मीठ यायला लागलं. आत्ती पहाटे उठून म्हशीशी बोलायच्या, शेणघाण काढायच्या, तिच्या शिंगांना तेल चोळायच्या. धारा मात्र मीच काढायचे. डाव्या अंगानं बसायचे. तसं बसायचं हे मला कुणी सांगितलंय, याचा मी विचारच केला नव्हता.

एक दिवस मला ताप होता म्हणून आत्ती धारेला बसल्या. त्या उजव्या हाताच्या बाजूनं बसल्या, जशा आयुष्यभर बसत आल्या होत्या. म्हशीनं अशी लाथ झाडली की चरवी अंगणात जाऊन पडली आणि आत्ती मागं कोलमडल्या. मी घरातून उठून आले, त्यांना उठवलं.

"डाव्या अंगानं बसायचं आत्ती," मी म्हटलं. "लाथ झाडती ती."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्या बाबानं. केरबानं."

बोलले आणि मग मला कळलं. आत्तींनाही त्याच क्षणी कळलं, त्यांच्या तोंडावरून ते दिसलं. दूध अंगणात पसरलं होतं, त्याच्याकडं बघत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"त्येला कसं ठावं?" मी म्हटलं.

"म्हशी झाडत्यातच लाथा."

"उजव्या अंगानंच झाडती म्हणून कसं ठावं?"

आत्तींनी चरवी उचलली, पदरानं पुसली. "त्यो न्हाई म्हनाला का न्हाई? आपन हातावर ठिवली हुती त्येच्या. तू तर सांगूनच टाकलंस. मालकच माजी नव्हं म्हनतोय, मग आपन काय चोरली काय? तोंडानं सोडली त्येनं."

"तोंडानं सोडली," मी म्हटलं.

"मग झालं."

पण झालं नाही. मी रोज धारेला बसायचे आणि ते दाव्याचं टोक माझ्या डोळ्यांपुढं असायचं. आत्तींनी नवं दावं केलं होतं, पण जुना तुकडा म्हशीच्या गळ्यातच राहिला होता, सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलेला म्हातारा आता मला दिसायचा. त्याचे गारठलेले हात दिसायचे. आणि मग तो काठाकाठानं चालत आमच्या दारात आलेला दिसायचा, आणि मोकळ्या हातानं परत गेलेला.

पौषात एका सकाळी मी आत्तींना सांगितलं, "मी म्हस सोडून घिऊन चालले. पिंपळवेढला."

त्या भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या. "आन् पोरीनं काय प्यायचं?"

"बघू."

"बघू म्हंजी? तिच्या तोंडातलं काडून दुसऱ्याला देतीस? तुजा बाप घालनार हाय व्हय दूध?"

त्यांनी भाकरी तव्यात टाकली. "त्येला वाईट वाटलं म्हनून त्यो न्हाई म्हनाला. त्येनं दान दिलं. दान परत करत न्हाईत, वैजे. देनाऱ्याचा अपमान हुतो."

ते खरंच होतं. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला होता असं नाही. त्या दिवसांत मला विचार करताच यायचा नाही. मला एवढंच कळत होतं की हे जनावर इथलं नाही.

"तुम्ही रूपाला सांभाळा," मी म्हटलं.

त्या मला अडवायला उठल्या नाहीत. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायलाही आल्या नाहीत. मी अंगणाबाहेर पडले तेव्हा मागं तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता.

रेडी लहान होती, त्यामुळे दमादमानं चालावं लागलं. मध्ये दोनदा थांबून तिला पाजू दिलं. वाटेत माणसं विचारायची, "बाजारला व्हय?" मी मान हलवायचे. उसाच्या तोडी चालू होत्या, रस्त्यावर पाचट पडलं होतं. पिंपळवेढची वेस दिसायला लागली तशी म्हैस भराभर चालायला लागली. मग मला कुणाला विचारावंच लागलं नाही. तिनंच एक बोळ घेतला, दुसरा घेतला. एका घरापुढं आल्यावर दावं इतकं ताणलं की मी हात सोडला. ती सरळ आत गेली. अर्धं घर पडलेलं होतं, त्यावर पत्रे टाकले होते. बाजूला नव्या मेढी रोवून छप्पर केलं होतं, खाली गव्हाण, गव्हाणीत काही नाही. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि रेडीला चाटायला लागली.

आतून एक म्हातारी आली. गुडघे धरून चालत होती. ती म्हशीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"केरबा कुरण्यांचं घर न्हवं?" मी विचारलं.

"व्हय. मी हौसाबाई. त्येंची मालकीण." तिनं म्हशीच्या कानावर हात ठेवला. जखम भरली होती, नुसता वण होता. "कुठं हुती गं ही? हे म्हनले, समदी गावं पालथी घातली, न्हाई गावली."

मी सांगितलं. करंजकाठची मी, आमच्या दारात आली होती, ते येऊन बघून गेले होते. म्हातारी ऐकत ऐकत खाली बसली.

"बगून गेलते?"

"व्हय. म्हणाले, ही न्हवं."

तिची नजर माझ्या कपाळावरून फिरली, आणि मला वाटतं, तिला सगळं तिथंच कळलं. तिनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

केरबा वैरणीचा भारा घेऊन आले. दारात म्हैस बघून त्यांनी भारा डोक्यावरून टाकला नाही, तसाच धरून उभे राहिले. मग हळूहळू खाली ठेवला.

"कशाला आनलीस?" ते म्हणाले.

"तुमची हाय."

"मी न्हाई म्हनलो हुतो."

"लाथ उजव्या अंगानं झाडती, हे तुम्हीच सांगितलंत."

ते भाऱ्यावर बसले. पटका काढून गुडघ्यावर ठेवला. रेडी पीत होती त्याचा आवाज येत होता.

"पोरी," ते म्हणाले, "दावं मी कापलं आन् मी निघालो. तुज्या मालकानं कापायला घेतलं आन् त्यो ऱ्हायला. यकच पानी, यकच येळ. आन् म्हस बी मीच घिऊन जायची? तुज्या दारातनं? माजा हातच उठंना. तुला पटतंय का बग."

"पटतंय," मी म्हटलं.

"मग कशाला आनलीस?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा मला धड सांगता आलं नाही; आज इतक्या वर्षांनी तरी येतं का कोण जाणे. लोक पुढं मला म्हणाले, वैजंता सत्त्वाची बाई, दारात आलेली लक्ष्मी परत केली. तसं काही नव्हतं. त्या पुरात आमचं जे जे गेलं त्यातलं काहीच आपल्या जागेवर परत आलं नव्हतं. भांडी गेली ती दुसऱ्याच्या उसात सापडली, चेपलेली. धान्य कुजलं. माणूस गेलं. मला एक तरी वस्तू जिथली तिथं परत गेलेली डोळ्यांनी बघायची होती. मग ती आमची का असेना, दुसऱ्याची का असेना.

मी त्यांना इतकंच म्हटलं, "तिला घरी पोचलेली बघायची हुती."

केरबांनी पटका डोळ्यांना लावला. हौसाबाईनं चहा आणला, माझ्या हातात कप दिला आणि माझ्याशेजारी बसली. "रीतीनं बोलायचं म्हंजी म्हनायला पायजे, न्हे परत, तूच ठेव," ती म्हणाली. "पर मी तसं म्हनत न्हाई बाय. आमालाबी लागती. मला खोटं मोठंपन करायची ऐपत न्हाई."

मला ते फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत सगळे माझ्याशी जपून बोलत होते. ही बाई पहिलीच, जी माझ्याकडून काही घेत होती.

"ठेवा की," मी म्हटलं. "म्हणून तर आणली."

त्या रेडीची पुढं म्हैस झाली आणि तिच्या पोटची रेडी केरबांनी आमच्या दारात आणून बांधली. पण ते बऱ्याच वर्षांनी. तोवर आम्ही ओढगस्तीतच दिवस काढले. मी डेअरीत दूध मापायला लागले, रूपाला शेजारणी वाटीभर दूध घालायच्या. आत्ती कुणापाशी मला नावं ठेवत नसत, पण म्हशीचा विषय निघाला की उठून जात.

त्या दिवशी मी घरी परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्ती ओट्यावर बसल्या होत्या, रूपा त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी माझ्या मोकळ्या हातांकडं बघितलं.

"दिलीस?"

"दिली."

"घेतली त्येनी?"

"घेतली."

मी त्यांच्याजवळ बसले. पाय भरून आले होते. त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्या रूपाच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. मग विचारलं, "वळखलं का तिनं घर?"

"वळखलं."

"कसं?"

"वेशीपासनंच भराभर चालाय लागली. मला इचारावं लागलं न्हाई कुणाला. मी हात सोडला तशी सरळ आत गेली."

"सरळ?"

"व्हय. गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली."

"इकडंतिकडं न बगता?"

"न बगता."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, वेशीपासून कशी चालली, बोळ कसा वळली, दारातून आत कशी गेली. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी आणखी एकदा विचारलं. मी आणखी एकदा सांगायला लागले. वेशीपासून, बोळापर्यंत, दारापर्यंत आले, आणि दारातून आत जायचं सांगताना माझा आवाज गेला. गळ्यातून काहीतरी निराळंच बाहेर यायला लागलं. मला ते माझं आहे हे कळायलाही वेळ लागला. रूपा दचकून जागी झाली.

आत्तींनी मला जवळ ओढलं नाही, गप्पही केलं नाही. एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि समोरच्या ढिगाऱ्याकडं बघत म्हणाल्या, "सांग. दारातनं आत गेली, मग? सांग, थांबू नगंस."